आधी लघवी, मग पाय: मणक्याचं ऑपरेशन झालेल्या छोट्या कुत्र्याला घरी सांभाळताना

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंनी विचारलंय. थोडक्यात असं, की त्यांचा साडेपाच वर्षांचा डॅशंड, चिकू, दिवाणावरून उडी मारून उतरला, संध्याकाळी पाठ वाकवून बसला, दुसऱ्या दिवशी मागचे पाय लडबडले आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय गेले. पुण्याला नेऊन एमआरआय केला, डिस्क सरकली होती, त्याच रात्री ऑपरेशन झालं. आज नववा दिवस, समृद्धी महामार्गानं गाडीत घरी आणलाय. पाय अजून हलत नाहीत, गादी सारखी ओली होते पण "लघवी आपोआप होऊन राहिली म्हणून त्याचं टेन्शन नाही", आणि सासूबाई रोज म्हणतात, काऊन त्या जिवाले तरास देऊन राहिले. तर हा चालेल का, कधी चालेल आणि घरी काय करायचं.

ताई, चालण्याचं सांगते, पण आधी ती ओली गादी. तुमच्या सगळ्या मेसेजमध्ये मला त्याच वाक्याची काळजी वाटली. मी वीसेक वर्षं नागपुरात कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस करते, पाठीचे पेशंट पुष्कळ पाहिले, आणि घरच्यांची नजर कायम पायांवर असते, आज हलला का, काल हलला होता का. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याचं नुकसान पायांमुळे होत नाही, लघवीमुळे होतं.

मणक्यात दाब आला की मेंदूचा निरोप लघवीच्या पिशवीपर्यंत पोचत नाही. पिशवीच्या तोंडाचा स्नायू घट्ट आवळलेला राहतो, पिशवी भरत जाते, आणि मावेनासं झालं की थेंब थेंब बाहेर येतं, गच्चीवरची टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी पडतं ना, तसं. टाकी रिकामी झाली असं आपल्याला वाटतं, ती काठोकाठ भरलेली असते. खूप वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ल्हासा जातीचा पेशंट होता, मे महिना होता, घरच्यांनी फोनवर सांगितलं की लघवी होते आहे आणि मी हात न लावता "मग ठीक आहे" म्हटलं. चार दिवसांनी आणला तेव्हा पिशवी त्याचं अर्धं पोट व्यापून बसली होती, लघवीत रक्त आणि पू. तो कुत्रा पुढे चालायला लागला, पण ताणून ताणून पिशवीचा जोरच गेला होता, ती नीट रिकामी व्हायला कितीतरी महिने लागले आणि इन्फेक्शन पुन्हा पुन्हा येत राहिलं. ती चूक माझी होती. तेव्हापासून पाठीचा पेशंट टेबलवर आला की माझा हात सगळ्यात आधी पोटावर जातो.

तर पिशवी रिकामी कशी करायची ते नीट वाचा, आणि तरी एकदा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांच्या हाताखाली तुमचा हात ठेवून शिकून या, वाचून अर्धंच कळतं. चिकूला कुशीवर झोपवा, नाहीतर कोणाला तरी छातीखाली हात आणि मांड्यांमध्ये आधार देऊन उभं धरायला सांगा, उभ्यानं बऱ्याच जणांना सोपं जातं. खाली बाळाची ड्राय शीट अंथरा. नखं कापलेली असू द्या, हात गार नको. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, बोटं सपाट, टोकं रुतवायची नाहीत. शेवटच्या बरगडीच्या मागून सुरू करून हळूहळू मागच्या पायांकडे सरकत या. मांड्यांच्या जरा पुढे, पोटाच्या खालच्या बाजूला पाणी भरलेल्या फुग्यासारखं गोल हाताला लागेल, चिकूएवढ्या कुत्र्यात भरलेलं असेल तर संत्र्याएवढं, कधी त्याहून मोठं. वर मणक्याजवळ लांबट, कडक लागलं तर ती शी आहे, ते दाबायचं नाही. फुगा सापडला की दोन्ही तळव्यांमध्ये धरून सावकाश, एकसारखा दाब द्या, दिशा थोडी मागे, शेपटीकडे. झटका नाही, पिळणं नाही. सुरुवातीला काहीच येणार नाही, चिकू पोट घट्ट करेल, तेव्हा जोर वाढवू नका, तोच दाब दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा, त्याच्याशी बोलत राहा, पोट सैल पडतं आणि धार सुरू होते. धार थांबली की हात सोडा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चाचपा, बहुतेक वेळा थोडी उरलेली असते. शेवटी हाताला लिंबाएवढं, पिचकं काहीतरी लागलं पाहिजे किंवा काहीच लागायला नको.

हे दिवसातून तीन-चार वेळा, दर सहा ते आठ तासांनी. सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि झोपायच्या आधी ११ असं बहुतेक घरांत जमतं. दोनदा प्रयत्न करून धार आलीच नाही आणि फुगा टणक लागतोय तर जोर लावू नका, पिशवी फुटू शकते, त्याच तासाला डॉक्टरांकडे जाऊन नळी घालून काढून घ्या. ते तोंडाचा स्नायू सैल करणारी गोळीही देतात, तिनं दाबायला सोपं जातं, पण तिनं बीपी उतरतं म्हणून ती आपल्या मनानं सुरू करायची नाही.

एक वही करा. वेळ, लघवी किती, रंग, वास. गढूळ झाली, लाल झाली किंवा नेहमीपेक्षा घाण वास आला तर लगेच तपासणीला द्या. पाठीच्या कुत्र्यात इन्फेक्शन फार कॉमन आहे आणि खाली संवेदना नसल्यानं ते दुखतंय हे तो सांगत नाही, आपल्यालाच पकडावं लागतं. शक्य असेल तर लघवीची कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करून मग अँटिबायोटिक ठरवायला सांगा, अंदाजे गोळ्या देत बसलं की जंतू तेवढे पक्के होतात.

ओल्या अंगाचंही पाहा. लघवी लागली की कोमट पाण्यानं धुवून टिपून कोरडं करा, पोटाखालचे नि मांडीचे केस कापून घ्या, व्हॅसलीनचा पातळ हात द्या. बाळाची झिंकवाली रॅशची क्रीम नको, चाटली तर ते झिंक पोटात जातं. फरशीला फिनाइल मारून त्यावर त्याला ठेवू नका, ओल्या कातडीला ते पोळतं आणि तो चाटतो पण. आणि आपल्याकडे पाऊस लागला की माश्या, लघवीच्या वासावर बसतात, अंडी घालतात आणि एका दिवसात जखमेत अळ्या पडतात. रोज संध्याकाळी शेपटीखाली, मांडीच्या घडीत, टाक्यांच्या आजूबाजूला टॉर्च लावून पाहा. दिसल्याच तर टर्पेंटाइन ओतायचं नाही, उचलून दवाखान्यात आणा.

आता पाय. चिकूला काय झालं ते सोप्या भाषेत सांगते, कारण ते कळलं की घाई कमी होते. दोन मणक्यांच्या मधली गादी, म्हणजेच डिस्क, मऊ, जेलीसारखी असते. डॅशंड, बीगल, शित्झू, पेकिनीज अशा बुटक्या पायांच्या जातींत ती तरुणपणीच सुकून खडूसारखी होते, आणि त्यांच्या आखूड पायांशी जोडलेल्या एका जनुकाशी याचा संबंध असल्याचं २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे तुमच्या दिवाणानं आजार दिला नाही, त्या उडीनं आधीच ठिसूळ झालेली गादी फुटली एवढंच, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका. फुटलेला खडू मज्जारज्जूवर दाबला गेला, सर्जननी बाजूचं थोडं हाड काढून तो बाहेर काढला. दाब गेला, पण आतली नस मार खाल्लेली आहे, सुजलेली आहे, ती आपल्या चालीनं बरी होते, ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी कुत्रा चालला नाही म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही.

डिस्चार्जचा कागद काढा आणि त्यात डीप पेन पाहा. ऑपरेशनच्या आधी मागच्या पायाचं हाड चिमट्यानं दाबल्यावर त्याला दुखलं होतं का, एवढाच त्याचा अर्थ, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. दुखत होतं तर साधारण दहातले नऊ कुत्रे पुन्हा चालतात, बरेचसे दोन ते चार आठवड्यांत, काहींना दीड-दोन महिने लागतात. दुखत नव्हतं तर ते प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं आणि वेळही जास्त लागतो, काही जण तिसऱ्या महिन्यात उठलेले आहेत. दुसऱ्या गटात एक भीती असते, मज्जारज्जू वरच्या दिशेनं सडत जातो. चिकूला ताप आला, पुढचे पाय लुळे पडायला लागले, पोट एकदम ढिलं पडलं, श्वास उथळ झाला, तर एक मिनिट थांबू नका. हे झालंच तर बहुतेक पहिल्या आठवडा-दहा दिवसांत होतं, आणि तुम्ही नवव्या दिवसावर आहात, म्हणजे त्यातला बराच काळ गेलाय.

घरी एक गडबड सगळेच करतात, बोटं चिमटून पाहतात, पाय आखडला की "आली, संवेदना आली" म्हणून व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवतात. तो पाय मणक्याच्या खालच्या भागातूनच आखडतो, मेंदूपर्यंत काही पोचलेलंच नसतं. खरी संवेदना म्हणजे चिमटल्यावर त्यानं मान वळवून पाहिलं, कण्हला, चावायला आला. आणि रोज चिमटू नका, त्याला त्रास आणि तुमच्या जिवाला घोर, आठवड्यातून एकदा डॉक्टर पाहतील. तुम्ही शेपटीकडे लक्ष द्या. लघवी काढताना शेपटी हलली तर ती सोडून द्या, पण बाबा ऑफिसातून आल्याचा आवाज ऐकून हलली तर तारीख लिहून ठेवा. साधारण आधी वेदना परत येते, मग हालचाल, मग आधारानं चालणं, आणि पाऊल सरळ टाकायची जाण सगळ्यात शेवटी येते, म्हणून चालायला लागल्यावरही बरेच दिवस पंजा उलटा पडतो.

तोवर पिंजरा. चार ते सहा आठवडे, नेमके किती ते तुमचे सर्जन सांगतील. हे लोकांना सगळ्यात जड जातं, रडतो म्हणून काढतात. पिंजरा नसेल तर बाळाचं प्लेपेन चालतं, उभा राहून वळता येईल एवढीच जागा. पाय परत आले की त्याला वाटतं आपण बरे झालो, आणि तिसऱ्या आठवड्यात सोफ्यावर उडी मारतो, त्याच वेळेस दार पक्कं बंद पाहिजे. आत खूप मऊ गादी नको, जरा घट्ट फोम, त्यावर रेक्झिन, त्यावर ड्राय शीट, त्यावर सुती चादर. दर चार तासांनी कूस बदला, कमरेचं हाड नि घोटा लाल दिसतो का पाहा, तिथेच आधी फोड येतो. उचलायचं ते एक हात छातीखाली, एक बुडाखाली, पाठ जमिनीला समांतर, तान्ह्या बाळासारखं उभं धरायचं नाही आणि पुढच्या पायांच्या बगलेत हात घालून तर अजिबात नाही. मुलांना हे करून दाखवा, तेच सगळ्यात जास्त उचलतात. गळ्यातला पट्टा काढा, छातीचा हार्नेस घ्या.

आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगते. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, आणि धडधाकट कुत्रा ऊन आलं की उठून मोरीत जाऊन झोपतो, चिकूला उठता येत नाही. सकाळी सावलीत ठेवलेल्या पिंजऱ्यावर ११ वाजता खिडकीतून ऊन येतं आणि घरात कोणाच्या लक्षात येत नाही. पिंजरा आतल्या खोलीत ठेवा. कूलर चालेल, पण अगदी समोर नको, दमट हवेनं गादी ओली राहते आणि कातडी सोलते, जरा बाजूला, खिडकी उघडी. पाणी तोंडाशी. लघवी जास्त होईल या भीतीनं पाणी कमी करणारे भेटलेत मला, तसं कधीच करू नका.

व्यायामाचं. सर्जननी हो म्हटलं असेल तर हातानं पाय हलवणं आत्ताच सुरू करता येतं. कुशीवर झोपवून वरचा पाय एका हातानं मांडीपाशी, दुसऱ्यानं घोट्यापाशी धरा, एकेक सांधा सावकाश दुमडा आणि उघडा, खुबा, गुडघा, घोटा, मग बोटं, प्रत्येक दहा-पंधरा वेळा. शेवटी पूर्ण पाय सायकलसारखा फिरवा. दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी. तो कण्हला किंवा अंग आखडलं तर तिथेच थांबा. मांडीच्या मागचा भाग हलक्या हातानं चोळा, जिथे टाके आहेत तिथे हात नाही. सासूबाई तेलाचं म्हणतील, तर पायाला कोमट खोबरेल चालेल, पाठीला मालिश नाही, हाडवैद्याकडे नेणं तर नाहीच. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका, त्याला चटका कळत नाही, कातडी भाजलेले दोन कुत्रे मी पाहिलेत.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. मग उभं राहणं. योगा मॅट अंथरा, आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर चांगला कुत्रा घसरतो. पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून मोठा टॉवेल घाला, दोन्ही टोकं वर धरा, वजन तुमच्या हातात. पंजे सरळ, बोटं पुढे, पाय खुब्याखाली. मग टॉवेल किंचित सैल सोडा, एवढाच की त्याचं थोडं वजन पायांवर येईल, आणि मनात पाचपर्यंत मोजा. पडायला लागला की घ्या वर. पाच-सहा वेळा झालं की पुरे. चालवताना इतकं हळू चालवा की तुम्हालाच कंटाळा यावा, पटपट चालवलं की तो पुढच्या पायांवर पळतो आणि मागचे फरफटतात. पाण्यातला व्यायाम फार चांगला, पण जखम पूर्ण भरल्यावर, घरात बाळाच्या टबमध्ये कोमट पाणी छातीपर्यंत आणि तुमचे दोन्ही हात त्याला धरून. फुटाळा तलावावर नेऊन पाण्यात सोडायचं नाही.

औषधांत दोनच गोष्टी. सूज कमी करणारी दुखण्याची गोळी आणि स्टेरॉइड एकत्र कधीच नाही, जुनी उरलेली गोळी घरात असेल तर फेकून द्या. शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलटी झाली तर पुढचा डोस थांबवून फोन करा. आणि माणसाची दुखण्याची गोळी, डायक्लोफिनॅक असो की ब्रुफेन, एकही नाही.

खाणं एक चतुर्थांश कमी करा, तो दिवसभर पडून आहे. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. तुपाची पोळी बंद, सावजीच्या रश्श्यातला तुकडा धुवूनसुद्धा नको, त्यात कांदा मुरलेला असतो, तसंच पोह्यांचं. उकडलेलं चिकन, अंडं, थोडा भात, आणि शी कडक होत असेल तर आपलं उकडलेलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, दोन चमचे.

सासूबाईंना मी चुकीचं म्हणणार नाही, त्यांना त्या जिवाची दया येऊन राहिली. पण त्यांना हे दाखवा की तो जेवतो का, आवाजाला कान टवकारतो का, रात्री झोपतो का. दुखणारा कुत्रा थरथरतो, धापा टाकतो, खाणं सोडतो, हात लावला की अंग आखडतो. तसं काही असेल तर दुखण्याचं औषध कमी पडतंय, ते वाढवता येतं. पाय चालत नाहीत याचं दुःख आपण करतो, त्याला दूध-पोळीची वेळ झाली का तेवढं पाहिजे असतं. तीन महिन्यांनी पाय नाहीच आले तर मापाची चाकगाडी करता येते, गाडीवर वर्षानुवर्षं मजेत राहिलेले कुत्रे माझ्याकडे येतात, पण त्या घरांत लघवी काढणारा हात रोजचा आहे. ते तुमच्या घरी कोण करणार हे सगळ्यांनी बसून ठरवा.

आज संध्याकाळी जवळच्या डॉक्टरांकडे नाहीतर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात चिकूला घेऊन जा, पिशवी किती भरली आहे ते पाहायला सांगा, तुमच्या हातानं रिकामी करून घ्या आणि तिथलीच लघवी तपासणीला द्या. डिस्चार्जचा कागद सोबत न्या. रात्री ११ ला घरी पहिल्यांदा एकटीनं कराल तेव्हा हात कापेल, होतं तसं, धार आली की वहीत वेळ लिहा आणि सकाळी ६ चा गजर लावून झोपा.